साठावरची रेघ कुठे गेली? सॉफ्टवेअरमधल्या 'सजवलेल्या' मजकुराची गोष्ट

एप्रिलचा दुसरा आठवडा, देवगड तालुक्यातली एक आंब्याची शेड. संध्याकाळी दोन गाड्या लागलेल्या, एक वाशीची, एक पुण्याची. ऑफिसातल्या मुलाने बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सूचना' नावाच्या रकान्यात सकाळीच लिहून ठेवलं होतं: वाशी ६० पेट्या. दुपारी दलालाचा फोन आला आणि आकडा बदलला. मुलाने ६० पुसले नाहीत. वहीत आपण करतो तसंच केलं, साठावर आडवी रेघ मारली आणि पुढे ४५ लिहिलं. स्क्रीनवर ते स्वच्छ दिसत होतं. छापून आलेल्या चलनावर मात्र होतं, 'वाशी ६० ४५ पेट्या'. रेघ गायब. हमालांनी पहिला आकडा धरला, वाशीच्या गाडीत ६० पेट्या चढवल्या आणि रात्री पुण्याच्या गाडीला १५ पेट्या कमी पडल्या.

"मियां साठार रेघ मारललंय," तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याने ती खरोखरच मारली होती. त्याची काहीच चूक नव्हती. त्या रकान्यावर रेघ मारायचं बटण बसवून दिलं होतं मी.

रकान्यात ठळक लिहिता यावं, रंग देता यावा, मुद्दे पाडता यावेत ही मागणी आता किनाऱ्यावरच्या सगळ्या धंद्यांतून येते. काजूचे कारखाने, होमस्टे, मासळीचे व्यापारी, पतसंस्था, सगळीकडून. सॉफ्टवेअर विकणारेही 'आमच्यात आहे' म्हणून ती बटणं पहिल्यांदा दाखवतात. मागणी रास्त आहे. पण त्या बटणांच्या मागे काय घडतं हे घेणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

## आधी साधा मजकूर म्हणजे काय ते बघू

फॉर्ममधला लिहायचा चौकोन म्हणजे रकाना. नाव, पत्ता, मोबाइल, शेरा, असे एकेक. मुळात या रकान्यांत फक्त अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण एवढंच मावतं. याला साधा मजकूर म्हणायचं. 'हापूस' असं टाइप केलं की संगणक ह, काना, प, दीर्घ उकार आणि स अशी पाच चिन्हं ठेवतो. ती कोणत्या फॉन्टमध्ये, किती मोठी, कोणत्या रंगात दाखवायची हे त्यात लिहिलेलं नसतं. ते दाखवणारा ठरवतो.

सजवलेल्या मजकुरात, ज्याला सगळे रिच टेक्स्ट म्हणतात, अक्षरांच्या सोबत ती कशी दाखवायची याच्या सूचनाही ठेवलेल्या असतात. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं की शब्द ठळक केला म्हणजे शब्दच बदलला. शब्द आहे तसाच राहतो, त्याच्या मागेपुढे दोन खुणा येऊन बसतात, साधारण अशा:

<ठळक>हापूस</ठळक>

प्रत्यक्षात त्या खुणा रोमन अक्षरांत असतात, वेब पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये. स्क्रीन त्या खुणा वाचते, त्याप्रमाणे शब्द जाड करून दाखवते आणि खुणा लपवते.

लग्नपत्रिका छापायला दिली आहे का कधी? मजकूर कागदावर लिहून देताना आपण कडेला पेनाने लिहितो, 'वराचे नाव मोठ्या टायपात'. छापखान्यातल्या माणसाला कळतं की ही ओळ त्याच्यासाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. तो नाव मोठं करतो आणि ती ओळ सोडून देतो. आता हाच कागद अशा माणसाच्या हातात गेला की ज्याला हा रिवाजच ठाऊक नाही, तर दोनपैकी एक होणार. एक तर तो 'वराचे नाव मोठ्या टायपात' हे शब्दही पत्रिकेवर छापून टाकेल, नाहीतर कडेचं सगळं गाळून नाव साध्या टायपात छापेल. बिलावर किंवा पावतीवर मध्येच कोनी कंस आणि 'पी', 'एनबीएसपी' असली अगम्य अक्षरं आलेली तुम्ही पाहिली असतील, तो पहिला प्रकार. देवगडच्या शेडमधला दुसरा.

## एकच मजकूर, सात जागा

रकान्यात लिहिलेलं फक्त त्याच रकान्यात वाचलं जात असतं तर प्रश्नच नव्हता. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा लिहिलेली ओळ चलनावर जाते, बिलावर जाते, एक्सेलमध्ये उतरते, ई-मेलने जाते, ग्राहकाच्या मोबाइलवर एसएमएस म्हणून जाते, महिनाअखेरच्या रिपोर्टात येते आणि हिशेबनिसाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरते. यातल्या प्रत्येक ठिकाणी बसलेला 'छापखानेवाला' वेगळा आहे. ई-मेलला खुणा कळतात. एसएमएसला अजिबात कळत नाहीत. त्यात मराठी एसएमएस आधीच आखूड, इंग्रजीत १६० अक्षरं मावतात तिथे देवनागरीत ७० चिन्हं. खुणा तशाच गेल्या तर निम्मा निरोप त्यांनीच भरेल. ई-इनव्हॉइसमध्ये, म्हणजे जीएसटीच्या सरकारी व्यवस्थेत नोंदवायच्या बिलात, मालाचं वर्णन साध्या मजकुरातच जातं, तिथे जाड-बारीक असा प्रकार नाही.

जागेचंही तसंच. संगणकात साठवण्याच्या आजच्या सर्वसाधारण पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे 'हापूस' १५ बाइटचा. तो ठळक करणाऱ्या दोन खुणा मिळून १७ बाइट. आंब्यापेक्षा पेटी जड. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही, पण रकान्याला अक्षरांची मर्यादा असते तेव्हा खुणाही मोजल्या जातात हे लक्षात ठेवावं. ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्ससारख्या मोठ्या व्यवस्थेतही सजवलेल्या रकान्याची १,३१,०७२ अक्षरांची मर्यादा खुणांसकटच आहे. तिथे ती भरणं अवघड, पण आपल्याकडच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला दोनशे-अडीचशे अक्षरंच दिलेली असतात. त्यात वर्डमधून एक ओळ कॉपी करून आणली की वर्ड आपल्याबरोबर फॉन्ट, आकार, समास, ओळींमधलं अंतर असा सगळा बिस्तरा घेऊन येतं आणि मूळ ओळ अर्ध्यातच कापली जाते.

## "पण वहीत आम्ही रेघ मारतोच की!"

हा प्रश्न मला त्या शेडच्या मालकांनी विचारला. प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून त्यावर जरा थांबतो.

वहीत रेघ आणि अक्षर एकाच कागदावर, एकाच शाईत असतात. कागद कुठेही न्या, झेरॉक्स काढा, रेघ साठावरच राहते. संगणकात रेघ आणि साठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात एवढंच. वाटेत एखाद्याने रेघ उचलून बाजूला ठेवली तरी साठाला काही होत नाही, तो ताठ उभा असतो. ठळकपणा गळला तर ओळ थोडी फिकी होते. रेघ गळली तर अर्थ उलटा होतो, रद्द केलेली गोष्ट पुन्हा जिवंत होते.

रंगाचंही तेच. 'लाल म्हणजे तातडीचं' असं ऑफिसात ठरवलेलं असतं. शेडमधला प्रिंटर काळा-पांढरा असतो, तिथे लाल आणि काळा सारखाच. काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक डोळ्यांनी दिसतच नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी जी सॉफ्टवेअर असतात, तीसुद्धा रंग आणि जाडी सहसा सांगत नाहीत, शब्द तेवढे वाचतात.

म्हणून मी आता एकच कसोटी लावतो. सगळी सजावट पुसून ओळ वाचायची. अर्थ तोच राहिला तर सजावट चालेल. अर्थ बदलला, तर ती गोष्ट सजवायची नव्हती, तिला स्वतंत्र रकाना द्यायचा होता. पेट्यांची संख्या हा आकड्याचा रकाना, त्यात ४५. ठिकाण हा यादीतून निवडायचा रकाना, वाशी किंवा पुणे. तातडीचं आहे का, त्याला खूण करायची चौकट. असे रकाने संगणकाला मोजता येतात, दिवसाची बेरीज करता येते, पुण्याला माल कमी पडतोय हे गाडी सुटायच्या आधी सांगता येतं. रेघ मारलेल्या साठाची बेरीज कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. जुना आकडा काय होता हे हवंच असेल, तर कोणी, कधी, काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअरने आपोआप ठेवायला हवी. ते बटणाचं काम नव्हे.

## देवनागरीला कोणती बटणं मानवतात

ही सगळी बटणं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत, आणि मराठीत लिहिणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तिरपं अक्षर घ्या. रोमन छपाईत तिरप्या अक्षराला स्वतःची घडण आहे, शतकांची परंपरा आहे. देवनागरीत तशी परंपरा नाही. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत तिरपी अक्षरं दिलेलीच नसतात, मग संगणक सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर कलतात, लहान आकारात तर वाचवतही नाही. अधोरेखित करण्याचं दुखणं वेगळं. रोमनमध्ये ओळीखाली बऱ्यापैकी मोकळी जागा असते. आपल्याकडे तिथे उकार राहतात. 'कुडाळ', 'गुहागर' अधोरेखित करून साध्या प्रिंटरवर छापून बघा, उकाराचं शेपूट रेघेत बुडून जातं. ऱ्हस्व-दीर्घ ओळखायला जी खूण आहे तीच नेमकी झाकली जाते.

एका शब्दाचा अर्धाच भाग ठळक केला की आणखी गंमत नसलेला प्रकार होतो. 'पेट्या' मध्ये ट् आणि या यांच्या मधोमध खूण पडली, तर जोडाक्षर तुटून हलन्त ट् आणि सुटा या असं दिसू शकतं. शोधतानाही त्रास. अर्धा 'हापूस' ठळक असेल तर साठवलेल्या मजकुरात 'हा' आणि 'पूस' यांच्या मधे खुण घुसलेली असते, आणि कच्च्या सॉफ्टवेअरला 'हापूस' शोधायला सांगितलं की ते म्हणतं, सापडला नाही.

जुन्या फाइलींचा प्रश्न याहून अवघड. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, कृतीदेव असल्या फॉन्टांत टाइप करायचो. त्या फाइलींत आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्टने त्यांना देवनागरीचं रूप दिलेलं असतं. दशावतारातल्या सोंगासारखं. मुकुट, रंग, वस्त्रं आहेत तोवर समोर देव उभा. साध्या रकान्यात तो मजकूर आणला की सोंग उतरतं आणि 'एके५ओ' छापाची भेळ समोर येते. 'मग सजवलेला रकाना घेऊ, त्यात फॉन्टसकट राहील' असा उपाय काही जण सुचवतात. राहील, पण तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथेच. ग्राहकाच्या मोबाइलवर पुन्हा भेळच. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, दुसरा मार्ग नाही.

मराठीसाठी मी चार बटणं ठेवतो: ठळक, क्रमांकाची यादी, ठिपक्यांची यादी आणि लिंक. आणि शक्य असेल तिथे ठळक शब्द पूर्णच धरला जाईल अशी सोय.

## "आमच्या रकान्यात कोण काय घुसवणार?"

सजवलेल्या मजकुराला सूचना लागतात हे वर आलंच. आता धोका असा की ब्राउझरला 'हा शब्द जाड दाखव' जशी सूचना देता येते, तशीच 'हा छोटा प्रोग्राम चालव' अशीही देता येते. रकान्याने येईल ते सगळं जसंच्या तसं ठेवून घेतलं, तर एखादा ग्राहक चौकशीच्या फॉर्ममध्ये असा प्रोग्राम लपवून पाठवू शकतो. तुमच्या ऑफिसातल्या माणसाने ती चौकशी उघडली की तो प्रोग्राम तुमच्याच लॉगिनच्या अधिकाराने चालतो.

आपल्या भागात हे समजावायला फळमाशी पुरते. आंबा बाहेरून पिवळाधमक, डाग नाही, वास उत्तम, आणि आत अंडी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली ती मालात फळमाशी सापडली म्हणून. पुढचा हंगाम येईपर्यंत ती उठली, पण ती झळ बागायतदार विसरलेले नाहीत. तपासणीची जागा पॅकहाउस, ग्राहकाचं ताट नव्हे, हे तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे.

सॉफ्टवेअरमध्येही तपासणी मजकूर आत घेतानाच्या टोकाला, सर्व्हरवर आणि दाखवतानाही व्हायला हवी. ती करायच्या दोन पद्धती आहेत. एक, वाईट गोष्टींची यादी करून त्या काढायच्या. दोन, चालणाऱ्या गोष्टींची छोटी यादी करून बाकी सगळं टाकून द्यायचं. पहिली पद्धत फसते, याचं २००५ सालचं उदाहरण आहे. मायस्पेस या तेव्हाच्या मोठ्या साइटवर लोकांना आपलं पान सजवता यायचं. ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात ती जावास्क्रिप्ट, आणि साइटने 'जावास्क्रिप्ट' हा शब्दच अडवला होता. ऑक्टोबरमध्ये एका तरुणाने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो ओळखता आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र दोन्ही तुकडे जोडून चालवला. वीस तासांत दहा लाखांहून जास्त लोकांच्या पानांवर तो प्रोग्राम स्वतःची नक्कल करत पोचला. त्यामुळे विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: तुम्ही नको ते काढता, की हवं तेवढंच ठेवता? उत्तर दुसरंच यायला हवं. चार बटणं दिली असतील तर त्या चारांच्या खुणा ठेवायच्या, पाचवी कसलीही असो, टाकायची. कमी बटणं ठेवण्याचं हे दुसरं कारण.

## "व्हॉट्सॲपवर तर सगळं नीट चालतं"

चालतं, आणि का चालतं ते बघण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकला की तो ठळक होतो. ही खूण लपलेली नाही, आपण स्वतः टाइप केलेली आहे. हा निरोप ज्याला ताऱ्याचा अर्थ कळत नाही अशा जागी गेला तरी *उद्या सकाळी ७* असं दिसेल. थोडं खडबडीत, पण वाचता येतं आणि जोर कुठे आहे तेही कळतं. याच विचाराची मार्कडाउन नावाची लिहायची पद्धत २००४ साली आली, ती आज पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये वापरतात. छोट्या धंद्यासाठी मला ती आवडते. माणसांना तारा टाकायची सवय आधीच आहे, नवं काही शिकवावं लागत नाही आणि एक्सेलमध्येही ओळ शाबूत राहते. फक्त व्हॉट्सॲपमध्येही रेघ मारायची खूण आहे, ती आकड्यांसाठी वापरू नये हे ऑफिसात सांगून ठेवावं लागतं.

## मग सजवलेला रकाना शोभतो कुठे?

जिथे माणसाने माणसासाठी लिहिलेलं सलग वाचायचं आहे, तिथे त्याला तोड नाही. गुहागरच्या एका होमस्टेचं बुकिंग कळवणारं पत्र मी दोन्ही तऱ्हांनी पाहिलं आहे. आधी ती सलग बारा ओळींची रांग होती. पाहुणे दाभोळला पोचून फोन करायचे, आता पुढे काय? मग तोच मजकूर क्रमांकाने पाडला: दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर. शेवटच्या फेरीची वेळ तेवढी ठळक, आणि नकाशाची लिंक. शब्द जवळपास तेच, पण होमस्टे चालवणाऱ्या ताई सांगतात की फोन पुष्कळ कमी झाले. आंबा पोचल्यावर आढी कशी लावायची, काजूगर हवाबंद कसे ठेवायचे, मासळीच्या पेटीत बर्फ किती थरांत घालायचा, हे सगळं यादीत मांडलं की वाचणाऱ्याचं काम हलकं होतं. अशा रकान्यांना सजावट जरूर द्यावी. एका फॉर्ममध्ये असा एखादा, फार तर दोन. नाव, पत्ता, दर, संख्या, तारीख यांना कधीच नाही.

आणि त्या रकान्याची एक साधी प्रत, खुणा काढलेली पण ओळी व क्रमांक जपलेली, सॉफ्टवेअरने शेजारी आपोआप ठेवावी. शोध, एसएमएस आणि एक्सेल त्या प्रतीवरून चालतात, सजवलेली प्रत ई-मेल आणि स्क्रीनसाठी राहते.

देवगडच्या शेडमध्ये आम्ही आता संख्या आणि ठिकाण वेगळं काढलं आहे. 'सूचना' रकाना तसाच आहे, फक्त त्यातून रेघ आणि रंग गेले. वर्डमधून काही आणायचं असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून व्ही, म्हणजे बिस्तरा मागे राहतो आणि शब्द तेवढे येतात. तुम्ही नवं सॉफ्टवेअर बघत असाल तर विकणाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या देखाव्यावर जाऊ नका. सजवलेल्या रकान्यात तुमच्या धंद्यातली खरी ओळ लिहा, एखादा आकडा खोडा, पुढे नवा लिहा. ती ओळ तुमच्या प्रिंटरवर छापा, तुमच्या मोबाइलवर एसएमएस पाठवा, एक्सेलमध्ये उतरवा. आणि त्या तिन्ही ठिकाणी खोडलेला आकडा शोधा.